लिहिण्यासारखे काही सापडत नाही, की सापडलेले लिहावेसे वाटत नाही?

प्रश्न : रिकामी वही

नमस्कार. गेली तीन वर्षे मी महिन्यातून साधारण दोन स्फुट लेख लिहीत आलो आहे. हे लेख स्वतःच्या अनुभवांवर, निरीक्षणांवर आणि अधूनमधून वाचनावर बेतलेले असतात. परिचितांपैकी चाळीसएक जण ते वाचतात आणि त्यांतले चार-पाच जण आवर्जून काही कळवतातही. लेखन हा माझा व्यवसाय नाही. दिवसभर मी हिशेबाच्या कामात असतो, आणि आकड्यांखेरीज आपल्याला आणखी काही जमते याचा थोडा आनंद मिळावा, एवढाच त्यामागचा हेतू आहे.

गेल्या पाच महिन्यांत मात्र माझा एकही लेख पूर्ण झालेला नाही. वेळ मिळत नाही, असे म्हणून स्वतःची समजूत घालता आली असती. परंतु रविवारी सकाळचे दोन तास मी याच कामासाठी राखून ठेवलेले आहेत आणि त्या वेळी मी खरोखरच टेबलाशी बसलेला असतो. अडचण अशी की, लिहिण्यासारखे काही सापडत नाही.

वहीच्या शेवटच्या पानावर मी विषयांची यादी ठेवतो. तीत आज ३१ नोंदी आहेत. त्यांपैकी काही येथे देतो : पाऊस, एकटेपणा, बालपण, जुनी पत्रे, प्रवास, वाट पाहणे, मध्यमवय, मैत्री, आवाज. दर रविवारी ही यादी वरून खाली वाचतो आणि प्रत्येक नोंदीपाशी तिला नाकारण्याचे एक सबळ कारण माझ्यापाशी तयार असते. पावसावर याआधी पुष्कळांनी पुष्कळ चांगले लिहून ठेवले आहे. बालपणावर मी स्वतःच तीनदा लिहिले आहे. सात नोंदी अशा आहेत की, त्यांवर लिहायचे तर घरातल्या माणसांविषयी लिहावे लागेल आणि ते मला प्रशस्त वाटत नाही. उरलेल्या नोंदी क्षुल्लक आहेत. मागच्या महिन्यात सर्व शंका बाजूला सारून पावसावरच लिहायला बसलो आणि पहिले वाक्य अकरा वेळा लिहून अकरा वेळा खोडले. दुसरे वाक्य कधी आलेच नाही.

क्षुल्लक म्हणजे कसे, त्याचे उदाहरण देतो. दोन आठवड्यांपूर्वी टेबलाचा खण आवरताना मला नऊ किल्ल्या सापडल्या, ज्यांची कुलपे आता घरात कोठेही नाहीत. यावर काही लिहावे असे क्षणभर वाटले. पण किल्ल्यांवर लिहून कोणाला काय सांगायचे, या विचाराने तो बेत तेथेच सोडून दिला.

जे दीर्घकाळ असे लेखन करीत आहेत, त्यांना विषय कसे मिळतात? की काही काळानंतर माणसाजवळचे सांगण्यासारखे संपूनच जाते?

उत्तर : समासातली नोंद

आपण दिलेली यादी मी दोनदा वाचली. तीत एकही प्रश्न नाही आणि 'वाट पाहणे' सोडले तर एकही क्रिया नाही.

'पाऊस' हा विषय नव्हे, ते क्षेत्र आहे. आणि क्षेत्र जितके मोठे, तितके त्यात पहिले पाऊल कोठे टाकावे हे कळेनासे होते. आपले पहिले वाक्य अकरा वेळा खोडले गेले, याचे कारण वाक्य वाईट होते असे नसावे. पावसाविषयी आपल्याला नेमके काय विचारायचे आहे, हे ठरण्याआधीच ते वाक्य लिहिले गेले होते. 'एकटेपणा' ही नोंदही तशीच आहे. त्याऐवजी यादीत असे लिहिलेले असते की, 'अनोळखी गर्दीत मला एकटे वाटत नाही, पण ओळखीच्या तिघांत बसलो की वाटते, हे कसे?', तर रविवारी सकाळी आपल्याला करायला काहीतरी काम असते. लेखाला विषय लागतो असे आपण म्हणतो खरे, पण लेख पुढे ओढते ती अडचण. स्वतःलाच न उलगडलेली एखादी विसंगती. जे आपल्याला आधीच पूर्णपणे ठाऊक आहे, ते लिहिताना लिहिणाराच कंटाळतो आणि त्या कंटाळ्याला 'विषय सुचत नाही' असे नाव देतो.

क्षुल्लकपणाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण आपला खरा अडथळा तेथे आहे असे मला वाटते. आज आपण ज्याला स्फुट किंवा ललित निबंध म्हणतो, त्या प्रकाराला युरोपात ज्याने नाव दिले तो मिशेल द मोंतेन हा फ्रेंच गृहस्थ १५७१ साली, वयाच्या ३८ व्या वर्षी, न्यायखात्यातले पद सोडून आपल्या वाड्याच्या मनोऱ्यातील ग्रंथालयात जाऊन बसला. त्याच्या निबंधांचे पहिले दोन खंड १५८० मध्ये निघाले आणि तिसरा १५८८ मध्ये. त्यांतील काही निबंधांचे विषय पाहा : झोप, वास, हाताचा अंगठा. अंगठ्यावरचा निबंध जेमतेम पान-दीड पानाचा आहे. युद्धावर जावे लागू नये म्हणून आपल्या दोन मुलांचे अंगठे तोडणाऱ्या एका रोमन सरदाराची हकीकत त्यात येते, आणि पाहता पाहता अंगठा ही भित्रेपणाविषयी व सत्तेविषयी बोलण्याची जागा होते. विषय लहानच होता; त्यातून तो कोठे पोचला ते मात्र लहान नव्हते. शिवाय एकदा लिहून झाले म्हणून त्याच्या लेखी ते संपत नसे. १५९२ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो आपल्याच छापील प्रतीच्या समासात नवी वाक्ये भरत राहिला. (मी घेतलेले टोपणनाव त्यावरूनच आहे, हे जाता जाता सांगतो.) तेव्हा बालपणावर तीनदा लिहून झाले, हे चौथ्यांदा न लिहिण्याचे कारण होऊ शकत नाही.

आता त्या किल्ल्या. नऊ किल्ल्या आहेत आणि एकही कुलूप नाही, हे वाक्य आपण सहज लिहून पुढे निघून गेलात. मी मात्र तेथेच थांबलो. त्या कोणाच्या आहेत? सगळ्या एकाच जुडग्यात होत्या की सुट्या? कुलपे कोठे गेली? आणि मुख्य म्हणजे, खण आवरून झाल्यावर आपण त्या टाकून दिल्यात की पुन्हा खणात ठेवल्यात? हे आपण सांगितलेले नाही, आणि मला ते खरोखरच जाणून घ्यायचे आहे.

उत्तर : सरळ रेघ

मला एवढा ऊहापोह आवश्यक वाटत नाही. घड्याळ लावून दहा मिनिटे न थांबता लिहावे. खोडायचे नाही, मागे जाऊन वाचायचे नाही, शुद्धलेखनाकडे पाहायचे नाही. काहीच सुचले नाही तर 'काही सुचत नाही' हेच वाक्य पुन्हा पुन्हा लिहायचे, पण हात थांबू द्यायचा नाही. ही पद्धत पीटर एल्बो या अमेरिकी प्राध्यापकाने १९७३ च्या आपल्या पुस्तकात मांडली आणि ती पुष्कळ ठिकाणी शिकवली जाते. लिहिणे आणि लिहिलेले पारखणे ही दोन कामे आहेत, ती एकाच वेळी केली की दोन्ही बिघडतात, एवढेच त्यामागचे तत्त्व आहे. आपण तर लिहिण्याच्याही आधी पारखायला बसता.

उत्तर : मुद्रितशोधक

मी बरीच वर्षे एका नियतकालिकात मुद्रिते तपासण्याचे आणि नंतर संपादनसाहाय्याचे काम केले आहे. त्यामुळे माझे मत लेखकाच्या बाजूने नसून मजकुराची वाट पाहत बसलेल्या माणसाच्या बाजूने आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

आमच्याकडे स्तंभ लिहिणाऱ्यांपैकी जवळजवळ प्रत्येकाला कधी ना कधी हा आजार होत असे. मुदत उलटून गेलेली, पानावर जागा सोडलेली आणि लेखक दूरध्वनीवर सांगतो आहे की या खेपेला काही सुचलेच नाही. वरिष्ठ संपादक अशा वेळी एकच प्रश्न विचारीत : "मागच्या लेखात तुम्ही जागेअभावी काय गाळले होते?" बहुतेक वेळा काहीतरी गाळलेले असेच, आणि चार तासांत मजकूर येई.

आपल्यालाही मी हाच मार्ग सुचवतो. आपले साठ-सत्तर लेख तयार आहेत. ते चांगले आहेत की वाईट याचा विचार न करता, केवळ एका प्रकारची वाक्ये शोधण्यासाठी ते वाचून काढावेत. 'पण तो वेगळा विषय आहे', 'त्याविषयी पुन्हा केव्हातरी', 'असो', 'कारण काहीही असो' अशी वाक्ये पळवाटेची असतात. लेखक एखाद्या अवघड वळणापाशी आला, त्याने आत डोकावून पाहिले आणि हलकेच दार लोटून घेतले, याची ती खूण असते. पेन्सिलीने त्यांच्याखाली रेघ ओढावी. मी मुद्रिते वाचताना 'असो' या शब्दापाशी हमखास थांबत असे, कारण लेखातली सर्वांत जिवंत गोष्ट पुष्कळदा त्याच्या आधीच्या अर्ध्या वाक्यात असे आणि नेमकी तीच पुढे सांगितलेली नसे.

सातत्याने लिहिणाऱ्यांचा विषयांचा साठा आपल्यापेक्षा मोठा असतो, हाही एक गैरसमज आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये 'निबंधमाला' हे मासिक सुरू केले आणि १८८१ पर्यंत त्याचे ८४ अंक काढले. त्यांतील जवळजवळ सर्व मजकूर त्यांनी एकट्याने लिहिला, आणि तोही आरंभीची काही वर्षे शिक्षकाची नोकरी सांभाळून. पहिला निबंध मराठी भाषेच्या तत्कालीन स्थितीवर होता आणि शेवटचा देशाच्या स्थितीवर. दोन्हींच्या शीर्षकांत 'स्थिती' हाच शब्द यावा, हे मला मोठे बोलके वाटते. माणूस आठ वर्षे एकच प्रश्न वेगवेगळ्या बाजूंनी विचारीत होता. शिवाय त्यांना विषय पुरविण्याचे काम त्यांच्या प्रतिपक्षाने मनापासून केले. ज्यांचे म्हणणे पटले नाही, त्यांच्यावर ते अंकांमागून अंक लिहीत गेले. त्यांच्या मतांशी आज आपण सहमत असू वा नसू, पण ज्याला कोणाचे तरी म्हणणे खोडून काढायचे आहे त्याला कोरे पान फार काळ छळत नाही. आपल्या यादीत एकही भांडण नाही, हे आपल्या लक्षात आले आहे काय?

'सरळ रेघ' यांनी सांगितलेली पद्धत मी कमी लेखत नाही. मात्र तिचा उपयोग झाला की नाही, हे दहा मिनिटांनंतर किती पाने भरली यावरून ठरवू नये. 'काही सुचत नाही' हे वाक्य कोणत्या ओळीवर बदलले आणि त्याच्या जागी काय आले, तेवढेच पाहावे.

उत्तर : जिन्यावरचा माणूस

माझा अनुभव वेगळा आहे, म्हणून लिहितो. मला विषय सुचत नव्हते ते आळसामुळे किंवा भीतीमुळे नव्हे, तर मी काही पाहतच नव्हतो म्हणून. दिवसातले जागेपणाचे बहुतेक तास कोणत्या तरी पडद्याकडे पाहण्यात जात होते, आणि मग रविवारी स्मृतीच्या डब्यात हात घातला तर तो रिकामा लागत होता.

जॉर्ज पेरेक या फ्रेंच लेखकाने ऑक्टोबर १९७४ मध्ये पॅरिसमधील एका चौकात लागोपाठ तीन दिवस बसून, समोर जे दिसेल ते लिहून काढले होते. तेथील चर्च, कारंजे, इमारती यांची वर्णने आधीच झालेली होती; त्याला हवे होते ते उरलेले. जेव्हा काहीच घडत नाही तेव्हा जे घडते ते. मग त्याच्या नोंदींत बसगाड्यांचे क्रमांक येतात, एकाच वेळी उडणारी कबुतरे येतात, हातातल्या पिशव्या येतात.

मी हा प्रयोग आमच्या इमारतीच्या जिन्यावर केला. तीन संध्याकाळी, प्रत्येकी अर्धा तास. पहिल्या दिवशीच्या नोंदी निव्वळ यादी होत्या आणि पुन्हा वाचवणार नाहीत इतक्या निर्जीव होत्या. दुसऱ्या दिवशीही फारसा फरक नव्हता. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आले की, वरच्या मजल्यावर राहणारे एक वयस्कर गृहस्थ दाराला कुलूप लावल्यावर ते तीनदा ओढून पाहतात, चार पायऱ्या उतरतात, पुन्हा वर जाऊन एकदा ओढतात आणि मगच निघतात. आदल्या दोन दिवशीही ते असेच गेले होते. माझ्या टिपणात मात्र दोन्ही दिवशी फक्त 'वरचे काका बाहेर पडले' एवढेच होते. तीन दिवसांत मिळून साठ-सत्तर ओळी लिहिल्या, त्यांपैकी कामाची ओळ एकच निघाली. हिशेबाच्या दृष्टीने हा व्यवहार तोट्याचा आहे, हे आपण मान्य करालच. पण त्या एका ओळीतून जो लेख झाला, तो खात्री या गोष्टीविषयी होता, आणि तोवर माझ्या यादीत 'खात्री' हा शब्द कधीही आलेला नव्हता.

ज्यांना बाहेर जाऊन बसणे शक्य नाही त्यांनी झाव्हिए द मेस्त्र याचे उदाहरण आठवावे. द्वंद्वयुद्ध केल्याबद्दल या लष्करी अधिकाऱ्याला ४२ दिवस स्वतःच्या खोलीत स्थानबद्ध राहावे लागले, तेव्हा त्याने त्या खोलीचेच प्रवासवर्णन लिहिले. ते १७९४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याची प्रकरणेही ४२ आहेत. खुर्चीपासून पलंगापर्यंतचे अंतर हा त्यातला एक मोठा टप्पा आहे.

उत्तर : आडपडदा

वरील सर्व उत्तरांत एक गोष्ट सुटली आहे. ३१ पैकी सात नोंदी घरच्या माणसांविषयी आहेत म्हणून आपण त्या बाजूला ठेवल्या आहेत, आणि मला असा दाट संशय आहे की उरलेल्या चोवीस क्षुल्लक वाटतात त्या या सातांमुळेच. जे खरोखर लिहायचे आहे ते लिहायचे नाही असे एकदा ठरवले की, बाकी सगळेच बेचव होते.

तरीही 'धीर करा आणि लिहा' असे मी म्हणणार नाही, कारण मी तसे केले होते. माझी बहीण लहानपणी बोलताना अडखळत असे. तिच्यावर मी एक लेख लिहिला. तो प्रेमाने लिहिलेला होता आणि वाचणाऱ्यांना आवडलाही. त्यात मी असे लिहिले होते की, पाहुणे आले की ती आतल्या खोलीत जाऊन बसे. लेख तिच्या हाती पडला आणि तिने मला एवढेच विचारले, "मी तिथे का बसत होते, हे तू मला कधी विचारलेस का?" त्यानंतर सहा महिने आमचे बोलणे जेवढ्यास तेवढेच होते. पुढे तिने सांगितले की, ती लाजून आत जात नव्हती. तिच्या वतीने मी उत्तरे देत असे, ते तिला ऐकवत नसे. म्हणजे लेखातली मुख्य गोष्ट, अर्थात माझा स्वतःचा वाटा, माझ्या लेखात नव्हताच.

तेव्हापासून मी दोन गोष्टी पाळतो. घरच्या माणसाविषयी पहिला खर्डा लिहिताना तो कोणीही वाचणार नाही, असे धरून चालतो. सॅम्युअल पेपिस या इंग्रज अधिकाऱ्याने १६६० ते १६६९ अशी साडेनऊ वर्षांची रोजनिशी लघुलिपीत लिहिली आणि ती प्रथम छापली गेली १८२५ मध्ये. स्वतःचे हेवेदावे आणि लबाड्या त्याने इतक्या मोकळेपणाने नोंदविल्या आहेत की, त्यामागे त्या लिपीच्या आडोशाचा भाग मोठा असावा असे मला वाटते. आपल्यालाही पहिल्या खर्ड्यापुरता असा एखादा आडोसा हवा असतो. दुसरी गोष्ट अशी की, खर्डा झाल्यावर त्या माणसाबद्दलची जी वाक्ये मी त्याच्यासमोर मोठ्याने वाचू शकणार नाही, ती काढून टाकतो आणि मागे काय उरते ते पाहतो. कधीकधी काहीच उरत नाही. मग तो लेख वहीतच राहतो, आणि त्यात काही वावगे आहे असे मला वाटत नाही.

उत्तर : नुसता वाचक

मी लिहीत नाही, फक्त वाचतो. वर्षभरात वाचलेल्या शंभर लेखांपैकी किती लेखांचे विषय आठवतात, ते आत्ताच आठवून पाहिले. चारही आठवले नाहीत. मात्र कोणीतरी लिहिले होते की, आजोबा गेल्यावर त्यांच्या चष्म्याच्या काचेवर त्यांच्याच बोटाचा ठसा राहिला होता आणि काच पुसायची की नाही यावर घरात दोन मते पडली. लेख कशावर होता कोण जाणे. आणि पाच महिने आपला लेख आला नाही म्हणून त्या चाळीस जणांची काही गैरसोय झाली असेल असेही मानू नये. वाचणाऱ्याला वाचायला दुसरे पुष्कळ असते. तेव्हा आमच्यासाठी घाई करण्याचे कारण नाही.

प्रश्नकर्त्याचे उत्तर : रिकामी वही

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तीन रविवार मध्ये गेले, म्हणून उत्तराला उशीर झाला.

'सरळ रेघ' यांच्या सांगण्यानुसार दहा मिनिटे न थांबता लिहिले. 'काही सुचत नाही' हे वाक्य मी २२ वेळा लिहिले (सवयीने मोजले) आणि तेविसाव्या ओळीवर 'काही सुचत नाही असे बाबा कधीच म्हणाले नाहीत' असे उमटले. त्यानंतर घड्याळ वाजले. चौकात किंवा जिन्यावर बसण्याचा प्रयोग मात्र मला साधला नाही. लोक माझ्याकडेच पाहू लागले आणि मी वीस मिनिटांत उठलो. हा दोष पद्धतीचा नसून माझ्या संकोचाचा आहे. जुन्या लेखांत 'असो' हा शब्द ३७ ठिकाणी सापडला. त्यांपैकी नऊ ठिकाणी तो वडिलांचा उल्लेख आल्यानंतर लगेच आलेला आहे. मी ते पान बराच वेळ उघडे ठेवून बसलो होतो.

'समासातली नोंद' यांनी विचारले होते की किल्ल्या टाकल्या की ठेवल्या. ठेवल्या. उत्तर द्यायचे म्हणून त्या पुन्हा बाहेर काढल्या आणि घरातल्या प्रत्येक कुलपाला एकेक करून लावून पाहिल्या. एकही लागली नाही, हे अपेक्षितच होते. त्यांपैकी आठ सुट्या आहेत. नववी पितळेची, लांब दांड्याची आहे, आणि तिच्या कडीभोवती काळ्या दोऱ्याचे घट्ट वेढे दिलेले आहेत, शेवटी बारीक गाठ मारून. हा दोरा मी खण आवरताना पाहिला होता, पण मळ समजून सोडून दिला होता.

आईला ती किल्ली दाखवली. तिने ती हातात घेतली, दोऱ्यावरून अंगठा फिरवला आणि न पाहताच म्हणाली, "ही पुढच्या दाराची." वडील रात्रपाळीला असत तेव्हा पहाटे घरी येत. जुडग्यातली नेमकी किल्ली अंधारात हाताला कळावी आणि जिन्यातला दिवा लावावा लागू नये, म्हणून त्यांनी तो दोरा गुंडाळला होता. कारण दारावरच्या काचेतून त्या दिव्याचा उजेड सरळ माझ्या अंथरुणावर पडत असे. ते घर आम्ही सोडले त्याला २६ वर्षे झाली. माझी समजूत अशी होती की, वडील रात्री केव्हा येत हे मला कधी कळले नाही, कारण माझी झोप गाढ होती.

चार पाने झाली आहेत. 'आडपडदा' यांचे म्हणणे मानून आईविषयीची वाक्ये तिच्यासमोर मोठ्याने वाचली. तिने एकच दुरुस्ती सुचवली : गाठ वडिलांनी मारलेली नव्हती, तिने मारली होती, त्यांना गाठ मारता येत नसे. वडिलांना वाचून दाखवणे आता शक्य नाही, त्यामुळे त्यांच्याविषयीच्या दोन वाक्यांबाबत मी अजून साशंक आहे. लेख पूर्ण झालेला नाही आणि आरंभ अद्याप मनासारखा उतरलेला नाही. सध्या तो असा सुरू होतो : 'मानवी जीवनात किल्लीचे स्थान मोठे विलक्षण आहे.'

उत्तर : मुद्रितशोधक

पहिला परिच्छेद संपूर्ण काढावा. आमच्याकडे अशा परिच्छेदाला 'घसा खाकरणे' म्हणत. तो लिहावा लागतो, पण छापायचा नसतो.

प्रश्नकर्त्याचे उत्तर : रिकामी वही

काढला. दुसरा परिच्छेदही काढला. आता लेख दोऱ्यापासून सुरू होतो.